दौलतचा समुद्र

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी वडशाच्या माझ्या धानाच्या मिलवर फोन आला, दौलत गेला म्हणून. सकाळी अंगणात दात घासता घासता खाली बसला, तो उठलाच नाही. मला आधी रडू आलं नाही, राग आला. चार वर्षांपासून त्याच्याशी एक भांडण बाकी होतं आणि हा माणूस ते तसंच टाकून निघून गेला...

दौलत नौदलात वायरलेसवर होता. उमेदीची वर्षं विशाखापट्टणमला काढून तो कुरखेड्याजवळच्या आमच्या गावी परतला. लहानपणी आम्ही एकाच बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, मासे धरलेले. तोवर मी हमालाचा मिलमालक झालो होतो आणि त्याचा मला ताठा होता. तो मला ‘शेठ’ म्हणायचा, चिडवायला. त्याने समुद्राच्या गोष्टी काढल्या की मीही सोडायचो नाही. "इथी जंगलात वाघाची खबर दे, लाटेची काय देतं?" तो शांतपणे म्हणायचा, "तुया धानावर पडनारं पानी तिथूनच निघते, शेठ. समुद्र म्हंजे चुलीवर ठेवलेला पान्याचा गंज. पहिले दिवाळीपावतर थंडा व्हायचा. आता खालचा जाळ विझतच नाई."

आमच्याकडे धान कापलं की त्याच्या कडपा, म्हणजे आडव्या टाकलेल्या मुठी, तीन-चार दिवस बांधीतच वाळू देतात. मग भारे बांधून पुंजणं, म्हणजे भाऱ्यांचा ढीग, रचतात. नेमक्या त्या दिवसांत बंगालच्या उपसागरातलं वादळ इकडे सरकलं की कडपा पाण्यात तरंगतात आणि लोंबीलाच कोंब फुटतात. म्हणून कापणीच्या दिवसांत दौलत रेडिओला कान लावून बसायचा आणि सायकलवरून सांगत फिरायचा... कापा, थांबा, उचला. हळूहळू लोक ऐकू लागले. मीही.

एका वर्षी तो म्हणाला, उचला. आम्ही अर्धवट ओल्या कडपा घाईने उचलून पुंजणी रचली. वादळ ओडिशाकडून वर वळलं. इकडे थेंब पडला नाही, आणि पुंजण्यात ओलं धान आतल्या आत तापून काळं पडलं. माझं डोकं फिरलं. पानठेल्यावर साऱ्यांसमोर मी त्याला झापलं, "पाण्यातला मानूस तू, आमाले शेती काऊन शिकवून राह्यला?" तो एवढंच म्हणाला, "वादळ वळलं, शेठ. ते काई मले इचारून वळत नाई." लोक हसले. मी हसलो नाही. त्यानंतर मी त्याचा फोन उचलणं बंद केलं.

पुढच्या वर्षी वादळ आलंच. दौलत पुन्हा घरोघर फिरला. कोणी ऐकलं, कोणी त्याला काळ्या धानाची आठवण करून दिली. माझ्या दारात मात्र तो आला नाही. माझ्या साऱ्या बांध्या कापून पडलेल्या. पोटरीभर पाण्यातून कोंब फुटलेल्या कडपा उपसताना मी मनाशी पक्कं केलं की दौलतने पानठेल्याचा सूड घेतला. तेव्हापासून बोलणं बंद. रस्त्यात त्याची सायकल दिसली की मी गाडीची काच वर करायचो. तो मात्र घंटी वाजवायचाच, तीही दोनदा.

परवा, तो गेल्याला महिना झाल्यावर, मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, शेवंता वहिनींनी, चहा दिला. मला राहवलं नाही. "वैनी, त्या साली अख्ख्या गावाले सांगतलं त्यानं. मलेच काऊन नाई?"

वहिनींना नवल वाटलं. "पहिले तुमच्याकडेच आले होते ना, भाऊ. तुमी फोन तं उचलत नव्हते. यष्टीनं वडशाले गेले. तुमी कोन्या दलालासंगं सौदा करून राह्यले होते. हात दाखवला म्हने तुमी, थांब म्हनून. घंटाभर दारात उभे राह्यले. मंग गाव बाकी हाये म्हनून निघून आले."

मला तो सौदा आठवला. दलाल अडून बसलेला, दारात कोणीतरी उभं, आणि मी तिकडे न पाहताच वर केलेला हात. असा माझा हात दिवसातून पन्नासदा वर होतो.

"तोंड नव्हतं त्याले? हाक माराची!" मी ओरडलोच.

वहिनी हसल्या. "चारचौघांत शिव्या खाल्लेला मानूस, भाऊ. कितीक हाका मारन?"

आतल्या खोलीत भिंतीवर बंगालच्या उपसागराचा नकाशा आहे. त्यावर दौलतने प्रत्येक वादळाची वाट पेन्सिलने काढलेली. बऱ्याच रेघा पुसट झाल्यात. ओडिशाकडे वळलेली एक मात्र त्याने गिरवून गिरवून इतकी जाड केली आहे की तिथला कागद फाटायला आलाय. रेडिओवर दुपारच्या बातम्या लागल्या. वहिनींनी चष्मा लावला, ऐकलं आणि निळ्या भागात एक ठिपका काढला.

"चार दिवस कडपा टाकू नोका म्हना लोकाईले," त्या म्हणाल्या. "मले सायकल नाई येत."

मी गाडी तिथेच ठेवून पायी निघालो. पहिल्याच घरी म्हातारा विळ्याला धार लावत बसला होता. मला पाहून त्याने विळा बाजूला ठेवला. "शेठ? आज काय घ्याले आले?"

"घ्याले नाई. सांगाले आलो. कापू नोका, समुद्रात वादळ हाये."

तो म्हणाला, "म्हंजे दौलतभाऊनं पाठवलं."

मी हो म्हणालो.