आक्काच्या घरातला भाऊ

दारात कोणी आलं की आक्का आधी त्याच्याकडे बघायचीच नाही. मान घराच्या आत वळवायची आणि मोठ्यानं म्हणायची, "भाऊ, ऱ्हाऊ द्या, उठू नका. आपलंच माणूस हाय."

घरात भाऊ नव्हता. कधीच नव्हता.

मला हे माहीत होतं, कारण मी त्याच मळ्यात वाढलो. आईबाप आक्काच्या रानात मजुरीला, आणि बांधाच्या कडेला पत्र्याच्या एका खोलीत आम्ही पाच जण. पावसाळ्यात पत्रा गळायला लागला की आक्का आम्हाला तिच्या ओसरीवर झोपवायची. नवरा गेल्यावर तिनंही दोन म्हशींच्या जिवावर मुलगा शिकवला होता. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नाही. मी बी. फार्म. झालो, आळेफाट्यावर औषधांचं दुकान टाकलं. हे मी अभिमानानं सांगतो, त्यात लाजायचं काय? आक्काच्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या मात्र मी स्वतः घरी नेऊन द्यायचो.

तिचा मुलगा चाकणला. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट नाही, आणि आक्काचे गुडघे ओसरीच्या दोन पायऱ्यांनाच कुरकुरायचे. इकडे घराला तिन्ही बाजूंनी ऊस. तुम्ही आमच्या भागातले असाल तर पुढचं सांगायला नको. शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं बिबट्यानं भरदुपारी नेलं, तेव्हा मुलानं निक्षून सांगितलं की आता एक जरी भानगड झाली, तर तो गाडी घेऊन येईल आणि आईनं मुकाट्यानं सामान बांधायचं.

म्हणून आक्कानं भाऊ आणला. एकट्या माणसाला जनावर धरतं आणि एकट्या बाईला चोर, असं ती म्हणायची. नवऱ्याचे जुने सदरे ती रोज पिळून दोरीवर टाकायची. दाराशी मोठाल्या पुरुषी चपला. एका सकाळी मी गेलो तर ती त्या चपलांच्या तळाला ओला चिखल लावत बसलेली.

"हे काय गं आक्का?"

"निस्त्या ठेवून भागत न्हाई. चालल्यावानी दिसल्या पायजेत."

मी हसलो, तीही हसली. मग चहा घ्यायला बसलो तर तिनं तीन कप भरलेले.

घरामागच्या उसात वन खात्यानं पिंजरा लावला होता, आत आमिषाला शेळी. ती दिवसभर ओरडायची. इतकी सवय झाली की ते ओरडणं ऐकूच यायचं नाही. पण मधेच ती गप्प व्हायची, आणि आक्का बोलता बोलता थांबायची. ओसरीवर आम्ही दोघं, आणि वारा नसताना हलणारं उसाचं एखादं पान. शेळी पुन्हा ओरडली की आक्का अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायची.

एका दुपारी मोटरसायकलवर दोघे जण आले. भांडी, दागिने चकाकवून देतो म्हणाले. आक्काच्या हातात सोन्याच्या पाटल्या. बोलता बोलता एकानं ओसरीवर पाय ठेवला. आक्कानं मान आत वळवली आणि म्हणाली, भाऊ, जरा बाहेर या. दोघं जागच्या जागी थबकले आणि मोटरसायकलवर बसून पळाले. त्यांची पिशवी ओसरीवरच राहिली.

संध्याकाळी तिनं मला हे रंगवून सांगितलं, आणि पोराच्या कानावर घालू नको म्हणून बजावलं.

चार दिवसांनी ते दोघं दुसऱ्या गावात सापडले, आणि इथलंही कबूल केलं. ओळख पटवायला हवालदार त्यांना घेऊन आला, तेव्हा मी गोळ्या द्यायला आलो होतो. त्यातला एक जीपमधून उतरेचना.

"आत म्हातारा हाय, सायेब. खोकला आमच्यावर."

हवालदारानं आत डोकावलं. खाट, खाटेवर घडी घातलेली गोधडी. तो हसला आणि त्यांना घेऊन निघून गेला.

आक्का हसली नाही. तिनं माझं मनगट धरलं.

"मी फकस्त हाक मारली व्हती," ती हळू आवाजात म्हणाली. "खोकला मला बी आला ऐकू. मला वाटलं, त्यांच्यातलाच कोनी."

मी शिकलेला माणूस. वनरक्षकाला बोलावलं. त्यानं घराला वळसा घालून मागच्या खिडकीखाली ओल्या मातीत उमटून सुकलेले ठसे दाखवले. बिबट्या असाच आवाज काढतो, म्हणाला, घशात खोकल्यासारखा, लाकडावर करवत ओढल्यासारखा. खिडकीपासून आक्काची खाट हातभर. त्या दुपारी शेळी ओरडत होती का, असं त्यानं विचारलं. आक्काला आठवेना.

मी तिच्या मुलाला सगळं सांगितलं. तिनं नको म्हटलं होतं, पण ही लपवायची गोष्ट नव्हती. रविवारी तो गाडी घेऊन आला आणि तिची ट्रंक ओढत ओसरीवर आणली.

"आई, भिंतीमागं वाघ उभा व्हता तुझ्या. वाघ."

"आसंल," आक्का म्हणाली. "वाघ आसंल न्हाईतर भाऊ आसंल. माझ्या बाजूनं खोकला. तुझ्या तिसऱ्या मजल्यावर माझ्या बाजूनं कोन खोकणार हाय?"

मुलगा त्या ट्रंकेवर बसला. मग उठला आणि ती परत आत नेऊन ठेवली. घराभोवती त्यानं लोखंडी जाळी ठोकून घेतली, सोलरचा दिवा लावला आणि दर रविवारी येऊ लागला.

त्यानंतर आक्का मोठ्यानं हाक मारेनाशी झाली. हळू बोलायची, शेजारी बसलेल्याशी बोलावं तशी. मधे थांबायची, ऐकून घ्यायची, मान डोलवायची. आणि मी, बी. फार्म. झालेला, तिचं ऐकून होईपर्यंत गोळ्यांचा विषय काढत नसे.

पिंजऱ्यात काही सापडलं नाही. वन खात्यानं तो उचलून नेला.

गेल्या थंडीत आक्का गेली. झोपेत, पहाटे, आपल्याच खाटेवर. म्हाताऱ्या बाईनं मळ्यात एकटं राहायचे दिवस आता गेले, असं सगळं गाव म्हणत होतं. आक्का राहिली. शेवटपर्यंत स्वतःच्या घरात राहिली.