ताईंच्या डोक्यावरची फळी

ओळंबाकाकांनी एकेचाळीस वर्षं गवंडीकाम केलं. टोपणनाव कामावरच्या लोकांनी ठेवलेलं. दुसऱ्यानं बांधलेल्या भिंतीलाही ते जाता जाता ओळंबा लावून बघायचे. दोरीला वजन टांगलं की भिंतीचं पितळ उघडं पडतं. काम थांबलं, ओळंबा खिशातच राहिला आणि रक्तदाब वर चढला.

लेक नर्स. तिनं आकडा पाहिला, एकशे बहात्तर, आणि बापाची थापी आपल्या कपाटात कुलपात टाकली. नेमकी त्याच आठवड्यात घरामागच्या परसातली भिंत अर्धी कोसळली होती. काकांनी मनातल्या मनात पाया खणून ठेवला होता.

"आधी हा वर्ग करा," लेक म्हणाली. "घरबसल्या फोनवर. योग, ध्यान, समाजभान. एकवीस दिवस. आकडा दीडशेच्या खाली आला तर भिंत तुमची. नाहीतर ठेकेदाराला सांगते."

"कोण, तो डोळ्यानं ओळंबा घेणारा? त्याची भिंत सरळ दिसायला बघणाऱ्याला मान वाकडी करावी लागते."

"म्हणून तर सांगतेय, बाबा. बसा."

काका बसले. मांडी घालणं जड नव्हतं. सगळा जन्म उकिडवं बसण्यात गेला होता. जड गेलं ते काही न करणं. हातापायांना कामाला लावणं सोपं, त्यांना गप्प बसवायला दुप्पट मेहनत. पण भिंत हवी होती. रोज सकाळी सहाला स्टुलावर फोन, समोर काका, पाठ अशी की तिच्यावर सूत धरावं.

पडद्यावर शिकवणाऱ्या ताई आणि चौकटी-चौकटींत सव्वीस माणसं. ताईंचा आवाज मऊ. "जे आहे ते आहे," त्या म्हणायच्या. "त्याला नाव देऊ नका, दुरुस्त करू नका. नुसतं पाहा."

तिसऱ्या दिवशी काकांनी नुसतं पाहिलं आणि त्यांना ताईंच्या डोक्यावरची फळी दिसली. फळीवर तीन कुंड्या आणि एक दगडी दिवा. भिंत आणि फळी यांच्यात खेळातल्या पत्त्याच्या जाडीएवढी फट. स्क्रू गिलाव्यातच अडकलेले, विटेपर्यंत पोचलेच नव्हते. हे काकांना कुणी सांगायची गरज नव्हती. आणि ताई रोज वर्गाआधी कुंड्यांना पाणी घालत होत्या, म्हणजे वजन वाढतच होतं.

"ताई, तुमची ती फळी..."

"काका, मनात फळी आली? येऊ द्या. जाऊ द्या."

नवव्या दिवशी फट करंगळीएवढी झाली. काकांनी निरोप लिहायचं ठरवलं. बोललं की फोन आपोआप लिहितो, असं लेकीनं दाखवलं होतं. काका बोलले. फोननं लिहिलं : 'ताई, केळी पडणार.'

"आहाराचे प्रश्न शनिवारी घेऊ," ताई म्हणाल्या.

संध्याकाळी लेक तणतणत आली. "वर्गात मधेच बोलता म्हणून मला निरोप आलाय! आता पुन्हा बोललात तर नाव काढणार आहेत. नाव गेलं की भिंत ठेकेदाराची. मग माझ्या नावानं ओरडायचं नाही."

पुढचे नऊ दिवस काका तोंड मिटून बसले. डोळे मात्र उघडे. फळीतून पांढरी भुकटी पडायची आणि ताईंच्या खांद्यावर पिठासारखी बसायची.

एकोणिसावा दिवस समाजभानाचा. "डोळे मिटा," ताई म्हणाल्या. "अशा एका माणसाला मनात आणा, जो संकटात आहे आणि ज्याला त्याचा पत्ताच नाही."

काकांना मनात आणायची गरज नव्हती. ते त्या माणसाकडे बघतच होते. डावा स्क्रू बाहेर आला होता.

एका बाजूला बाईचं डोकं, दुसऱ्या बाजूला चाळीस फूट भिंत. काकांनी भिंतीवर पाणी सोडलं.

"ताई, सरका!"

आवाज जाईना. तक्रार आल्यापासून लेकीनं माइक बंदच करून ठेवला होता. काकांच्या अंगठ्याला इतके घट्टे की फोन त्याला बोट मानत नसे.

"अगं ए, ये लवकर! तो माइक दाब!"

काकू ओल्या हातानं धावत आल्या. "कुठला? हा?" दाबल्यावर काकांचं चित्रच गेलं. "अहो, तुम्ही गेलात!"

"मी इथंच आहे! शेजारचं दाब!"

माइक उघडला. तिसऱ्या मजल्यावरून खाली माल मागवायचा आवाज काकांनी लावला. "ताई, उठा! डोक्यावर आलं!"

सव्वीस जण ताडकन डोळे उघडून आपापल्या छताकडे बघू लागले. ताईंनी डोळे मिटलेलेच ठेवले. "काका, सोडून द्या..."

"मी सोडीन हो, पण ती फळीही सोडतेय!"

आता मात्र ताईंचा मऊपणा संपला. काकांचं नाव काढायला त्या तावातावानं पुढे झुकल्या. काकांच्या फोनवर अक्षरं आली : 'आपल्याला वर्गातून काढण्यात आले आहे.' पडदा काळा.

"वाचली असेल का हो?" काकूंनी विचारलं.

काकांनी काळा पडदा बाहीनं पुसून बघितला. भिंतीचा विचार त्यांना दुपारपर्यंत सुचला नाही.

संध्याकाळी लेकीनं आकडा घेतला. एकशे अडुसष्ट. तिनं नुसता उसासा टाकला, तेवढ्यात तिचाच फोन वाजला. ताई होत्या.

"तुमच्या बाबांना काढायला मी पुढे वाकले आणि मागे सगळं आसनावर आदळलं," ताई सांगत होत्या. "दगडी दिव्यानं फरशी फोडली. काकांना परत घेते. त्यांना विचारा ना, नवी फळी कशी लावू? भाऊ ड्रिल घेऊन आलाय."

काकांनी फोन जवळजवळ हिसकावला. "भोक पाडताना धूळ कुठल्या रंगाची येतेय?"

"पांढरी."

"म्हणजे गिलावा. थांबायचं नाही. दाब द्या, पण घाई नको. आता?"

"पांढरीच... नाही, लाल! लाल आली!"

"ती वीट. आता अजून दोन बोटं आत."

पाऊण तास हे चाललं. काका एकदाही ओरडले नाहीत. चौथा स्क्रू बसत असताना लेकीनं हळूच त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. एकशे बेचाळीस. तिचा विश्वास बसेना. तिनं दुसऱ्या हाताचा घेतला. तोच आकडा.

"राहिलेले दोन दिवस वर्ग चुकवायचा नाही," ती म्हणाली. "भिंत उद्यापासून. पण रोज तीनच थर."

"पाच."

"तीन, बाबा."

"बरं, चार," काका म्हणाले आणि विटा भिजत घालायला परसात गेले.