त्या संध्याकाळी ॲन्टेना कुणी धरला?

लिंबू माझ्या घरात येतं ते सरबतासाठी आणि मिरची येते ती ठेच्यासाठी. दाराला टांगायला नाही! अमावास्येला मी मुद्दाम केस धुते. या सदरातले गूढ अनुभव वाचून मी आजवर नाकंच मुरडली आहेत. तरी आज लिहायला बसलेय, कारण ती संध्याकाळ इतक्या वर्षांनंतरही मला स्वस्थ बसू देत नाही. मध्येच भाजी चिरताना आठवते आणि हात थांबतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. परंडा तालुक्यात, कुर्डुवाडीच्या रस्त्यापासून आत असलेल्या एका गावात मी शाळेत शिक्षिका होते. गावाचं नाव लिहीत नाही, त्यातली बरीच माणसं अजून आहेत. पाऊस सलग हुकलेला, विहिरींचे तळ दिसत होते, पाणी टँकरचं. आणि अशा दिवसांत गावच्या दूध सोसायटीनं टीव्ही घेतला. "गुरांना वैरण नाही आणि तुम्हाला टीव्ही सुचतोय?" असं मी सेक्रेटरींना तोंडावर विचारलं होतं. अर्थात टीव्ही सुरू झाल्यावर सतरंजीवर पहिल्या रांगेत मीच असायचे, ते सोडा.

सोसायटीची इमारत म्हणजे एकच खोली. वर स्लॅब, पण पाणी नाही म्हणून बांधकाम अर्धवट राहिलेलं. ना गिलावा, ना चुना, सगळ्या विटा उघड्या. आत यायला एकच दार आणि त्या दाराला लागूनच स्लॅबवर जायची लाकडी शिडी. हे लक्षात ठेवा.

मराठी कार्यक्रम पुण्याकडून यायचे आणि आमच्यापर्यंत पोचेपर्यंत त्यांचा जीव निम्मा व्हायचा. स्लॅबवर लांबलचक पाइपाला ॲन्टेना लावलेला. उन्हाळ्यात संध्याकाळी वावटळ सुटली की तो पाइप फिरायचा आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग कुणीतरी वर बसून तो दांडा हातानं धरायचा. ते काम किसनआबांचं. विहीर खणताना दगडमाती वर ओढणाऱ्या यारीवर जन्म गेलेला माणूस. दुसऱ्यानं धरला की चित्र जायचंच. वरून आबा ओरडायचे, "दिसतंय का?" आणि खालून आम्ही, "न्हाय! अजून थोडं... हां, धरा तसंच!"

म्हणजे गावाला टीव्ही दाखवणारा हा माणूस स्वतः कधीच टीव्ही बघायचा नाही. नाटक संपलं की तो वरूनच विचारायचा, "कसं झालं, बाई?" मग मी अंगणात उभी राहून माझं मत द्यायचे. कोण किंचाळलं, कुणाला रडता येत नाही, सगळं. माझ्या तोंडून चांगलं कमीच निघायचं. आबा हसून म्हणायचे, "मंग आज नापास कोन?"

आता आबांचं दुःख सांगते. त्यांना एकच मुलगी, सुमन. आबा तरुणपणी जलशात गायचे, तो गळा आणि ते वेड पोरीत उतरलं. तिला नर्स करायचं म्हणून मुंबईला मावशीकडं ठेवली, तर ती शिक्षण अर्ध्यात टाकून नाटकात गेली. आबा म्हणाले, "तुझं तोंड बघनार न्हाय." रागात सगळेच म्हणतात, पण या माणसानं ते पाळलं. त्यांची बायको, गयाबाई, भाकरी थापता थापता उठून पिठाच्या हातानंच दूध घालायला यायची. किटलीच्या कडीवर तिची पिठाची बोटं उठलेली असायची आणि सेक्रेटरी कुरकुरायचे. ती काविळीनं गेली. टीव्ही येण्याच्या आदल्या वर्षी. शेवटी आबांना एवढंच म्हणत होती, "एकदा पोरीकडं बघा." सुमन मातीला आली तेव्हा आबा तिच्याकडं पाठ करून उभे होते. मी तिथं होते. मला त्यांचा फार राग आला होता.

आणि मग मुंबईहून सुट्टीला आलेल्या एका गिरणी कामगारानं बातमी आणली की या आठवड्याच्या नाटकात आपली सुमन आहे. गावात दुसरा विषय नाही! मी आबांना म्हटलं, "आज तरी खाली बसा. दांडा दुसरं कुणी धरेल."

"दुसऱ्यानं धरल्यावर कुनालाच दिसायची न्हाय ती," आबा म्हणाले. "तुमी बघा. म्या वर हाय."

बोलले आणि शिडी चढून गेले. पोरीचं तोंड बघायचं नाही, पण गावाला ते नीट दिसावं म्हणून वाऱ्यात दांडा धरून बसायचं. काय म्हणावं या माणसाला?

आधी एक विनोदी नाटुकलं लागलं. नवरा बायकोला भिऊन कपाटात लपतो... पुन्हा लपतो... पुन्हा लपतो. मला एकदाही हसू आलं नाही. पडद्यामागून मात्र हसण्याचे लोट येत होते. शेजारच्या शकिलाभाभी मला म्हणाल्या, "बाई, ही हसनारी मान्सं बसलीत कुठं? दिसत तर न्हाईत." मी म्हटलं, "भाभी, आपणच बरे, हसत नाही तर नाही." पण त्या दिवशी कशातच लक्ष लागत नव्हतं. वारा वाढत होता. चित्र वाकडं व्हायचं, सरळ व्हायचं.

मग नाटक. श्रीमंताचं घर, आजारी म्हातारा, इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेली मुलं. सगळे भाषण केल्यासारखे बोलत होते. थोरल्या मुलाचं काम करणारा तर सभेतच उभा होता. सुमनचा पत्ता नाही. निम्मं नाटक झालं आणि बाहेर धाडकन वावटळ आली. पडद्यावर मुंग्या! सगळी खोली ओरडायला लागली, "आबा, फिरवा! आबा!" माझा जीव वरखाली होत होता. एवढ्यात आली नि गेली तर?

आणि एकदम चित्र आलं. कसं? इतकं स्वच्छ चित्र आम्ही त्या सेटवर कधीच पाहिलं नव्हतं. दारातून एक नर्स आत येत होती. डोक्यावर टोपी, पांढरे कपडे.

"अल्ला! अपनी सुमन है की!" भाभी ओरडल्या.

बापाला जिला नर्स करायचं होतं, ती नर्स होऊनच आली होती. नाटकवाल्यांना हे ठाऊक असायचं कारण नाही.

वरून आवाज आला, "दिसतंय का?"

"दिसतंय! धरा तसंच!" सगळे ओरडले. मी दाराकडं वळले, आणि दुधाच्या कॅनपाशी किसनआबा उभे होते. टक लावून पडद्याकडं बघत. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही भान नव्हतं. मला वाटलं, वर कुणीतरी शहाणा गेला आणि यांना खाली धाडलं. बरं केलं, असं मनात म्हणून मी पुन्हा पडद्याकडं वळले.

सुमननं म्हाताऱ्याची नाडी धरली. चुकीच्या बाजूनं धरली, शिकली असती तर कळलं असतं! पण "रात्री मी इथंच आहे, झोपा तुम्ही," हे वाक्य ती अशी बोलली, की त्या सगळ्या भाषणबाजीत एकच माणूस आहे असं वाटलं. तेवढंच काम. ती गेली आणि चित्र हलायला लागलं, तरी शेवटपर्यंत तग धरून राहिलं.

नाटक संपलं. मी अंगणात आले. वाऱ्यातच वरून प्रश्न आला, "कसं झालं, बाई?"

सवयीनं मी मान वर करून ओरडले, "पोरगी चांगली बोलली! सगळ्यांत चांगली!"

वरून हळूच आलं, "व्हय?"

मागून कुणीतरी माझ्या खांद्याशी आलं. आबा होते. "बाई," ते म्हणाले, "वर कोन हाय?"

"मला काय विचारता? तुम्हीच खाली आलात ना दांडा कुणाकडं तरी देऊन?"

"धुरळ्यात डोळं उघडत नव्हतं. कुनीतरी मनगटाला धरून माझा हात सोडवला दांड्यावरनं. 'तुमी जावा खाली, बघा जावा,' म्हनलं. मला वाटलं, पोरांपैकी कोन आसंल."

सेक्रेटरी आणि दोघे-तिघे बॅटरी घेऊन शिडीवरून वर गेले. वर कुणी नव्हतं. दांडा वाऱ्यावर गरागरा फिरत होता. शिडी दाराशी, दारात आम्ही. कुणी उतरलं असतं तर आमच्या अंगावरच उतरलं असतं. उडी मारावी तर उरलेल्या तिन्ही बाजूंना खाली बाभळीचं कुंपण. गावातली सगळी माणसं खोलीत मोजून होती असं मी म्हणत नाही, पण पुढं कधी कुणी "मी होतो वर" असंही म्हणालं नाही. एरवी बढाई मारायला आमच्या गावात माणसांची वानवा नव्हती.

दारातल्या बल्बखाली आबांचा हात मला दिसला. मनगटावर पांढरं लागलं होतं. चुना असेल, म्हणून मी बोटानं पुसलं. मग आठवलं की त्या इमारतीला चुना लागलेलाच नाही. आबा जेवायचे भावाकडं, पिठात हात घालायचं त्यांना कारण नव्हतं. आबांनी मनगटाकडं पाहिलं, दुसऱ्या हातानं ते झाकून घेतलं आणि घरी गेले. सकाळच्या पहिल्या एसटीनं ते कुर्डुवाडीला गेले, तिथून रेल्वेनं मुंबईला. परत आले ते सुमनला घेऊन.

आवाज बाईचा होता का, असं मला पुष्कळांनी विचारलं. वाऱ्यात काही कळत नव्हतं, खरंच नाही सांगता येत. मी सगळी कारणं लावून पाहिली आहेत. वारा, कुणाची थट्टा, आमच्या मनाचे खेळ. एकही पुरं पडत नाही, आणि मी भुताखेतांवर आजही विश्वास ठेवत नाही.

फक्त तो "व्हय?" जात नाही. आबा तसं कधी म्हणायचे नाहीत, ते विचारायचे नापास कोण. पण मी जन्मभर शाळेत निकाल सांगितले. दारात उभ्या असलेल्या आयांना "तुमची पोरगी पास झाली" म्हटलं की त्या लगेच आनंदत नाहीत. आधी पदर सावरतात, आणि अजून एकदा ऐकायला मिळावं म्हणून हळूच विचारतात, "व्हय?"

मी दुसऱ्यांदा सांगितलंच नाही.