कन्यादानाचा पाट

विष्णुपंतांकडे कुणी पाणी मागितलं तरी ते आधी “कुठून आलात?” असं विचारत. माधव नगरात राहून तीस वर्षं शाळेत कारकुनी केली, पण गुडघा का सुजतो याबद्दल कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. विचारलं की संधिवात. खरा आजार रक्त न थांबण्याचा, हिमोफिलियाचा. तो फक्त बायकोला, सुमनला ठाऊक. मुलगी श्रुतीलाही सांगितला नव्हता.

सत्त्याण्णव साली श्रुतीचं इंदूरच्या एका घरी ठरत आलं, आणि त्याच आठवड्यात इंदूरहूनच अहल्याबाई नावाच्या कुणी बाई आजाराच्या पाहणीचा फॉर्म घेऊन दारात उभ्या. रक्ताच्या डॉक्टरांच्या यादीत तुमचं नाव आहे, म्हणाल्या. दहा वर्षांपूर्वी दात काढताना विष्णुपंत त्या डॉक्टरांकडे गेले होते खरे. तरी त्यांच्या मनात पाल चुकचुकलीच. व्याह्यांनीच हिला चौकशीला धाडलं असणार. मग काय, वर्षात सूज किती वेळा? एकदाही नाही. दुखणं? नाही. कामावर खाडे? छे. सगळं बढिया. बाई मुकाट्याने लिहीत होत्या, त्याने तर यांचा संशय आणखी वाढला. श्रुती चहा घेऊन आली, तिलाही त्यांनी डोळ्यांनीच आत पिटाळलं.

शेवटी अहल्याबाईंनी फॉर्म मिटला. नुसती सूज मोजून माणसाचं कसं चाललंय ते कळत नाही, म्हणाल्या; तुम्हाला स्वतःला काय जमावंसं वाटतं, तेही डॉक्टरांनी विचारायला सांगितलंय.

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

“मुलीच्या कन्यादानाला पाटावर मांडी घालून बसायचंय,” ते बोलून गेले. “पाच मिनिटंही बसवत नाही. दोघांनी धरून उठवावं लागतं.” मग घाबरले. “आता हे तुम्ही इंदूरवाल्यांना सांगणार ना?”

“कोण इंदूरवाले?”

बाईंना खरोखरच काही माहीत नव्हतं. विष्णुपंतांना हायसं वाटायला हवं होतं. पण दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणजे सांगायचं ते आपणच, हे लक्षात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, मुलीला पुढे मुलगा झाला तर? मुलीला स्वतःला त्रास नसला तरी तिच्यातून त्याला येऊ शकतं, बाई म्हणाल्या. आधी माहीत असलं तर सांभाळता येतं.

त्यांनी श्रुतीला हाक मारून शेजारी बसवलं.

“हा संधिवात नाही, पोरी. रक्तातलं आहे. माझ्याकडून तुझ्यात आलंय.”