धूर मोजायला आलेली

कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरली की ती आधी मान वर करून वाशांवरची काजळी बघायची आणि मग म्हणायची, "खराच सांगा हां, माका वायट वाटूचा नाय." लोक मात्र तिला खरं सोडून सगळं सांगायचे.

आमच्या नांदगावचीच पोर. परदेशात पीएचडी करत होती, धुराने मुलांच्या छातीचं काय होतं यावर. गेल्या वर्षी त्यासाठीच घरी आली. मी अंगणवाडीत, म्हणून मुलं गोळा करून देणं माझ्याकडे. मुलांनी एका नळीत जोरात फुंकायचं आणि त्यांच्या घरी चुलीजवळ आठवडाभर एक यंत्र ठेवायचं, एवढंच काम. मुलं पिपाणीसारखी फुंकायची, वर "वाजणा नाय" म्हणून तक्रार! ही पोट धरून हसायची.

घोटाळा केला तो आम्ही मोठ्यांनी. तिच्या भावाची मुलगी फुंकताना दमायची, खोकायची. यंत्र मात्र म्हणे, घरात धूरच नाही. ती माझ्याकडे आली. "काकी, आमच्या घरात धूर नाय, मगे चेडू खोकता कित्याक?"

जगाची काजळी बघणाऱ्या या बयेला स्वतःच्या घरची दिसली नव्हती. दिव्याखाली अंधार! गॅस आमच्याकडे घरोघरी आहे, पण पाहुण्यांच्या चहापुरता, भाकरी चुलीवरच.

"अगो, तू इलंस म्हणान आवस गॅसार रांधता," मी तिच्या आईचं गुपित फोडलं. "यंत्र ठेवलंस त्या सगळ्या घरांत ह्याच. माझ्यातसुद्धा."

ती मटकन पायरीवर बसली. सगळी मापं वाया, आणि परतायला तीन आठवडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईला जाब विचारायला गेली, तर आई म्हणते, "माझा चेडू इतक्या लांबसून इला, त्येच्या डोळ्यात धूर कसो घालू?" लेकीने स्वतः चूल पेटवली, यंत्र लावलं आणि डोळे पुसत तिथेच बसली. मग तिकीट पुढे ढकलून घरोघर नव्याने सुरुवात. खरे आकडे आईसमोर धरले, तर आई म्हणाली, "माका आकडे कळनत नाय," आणि उठून गेली.

ती परत गेली. मला अजून करमत नाही, खोटं कशाला बोलू?

काल तिच्या आईकडे डोकावले. लेक नाही, पाहुणा नाही, यंत्र नाही. आणि बाई गॅसवर भाकरी भाजतेय. मला बघून दचकलीच.

"तिका सांगा नको हां," म्हणाली. "नायतर म्हणतली, आवस माझा ऐकता."