बिशपची किटली आणि माझी हिरवी टिक

एका मेलेल्या माणसाने मला भर सभेत तोंडघशी पाडलं.

माणूस म्हणजे मिस्टर डेक्लन. दुबईच्या देऱ्यातल्या आमच्या कंपनीचा प्रोजेक्ट मॅनेजर. आयरिश. वय एकसष्ट. हार्ट अटॅक, झोपेतच गेला. आज बरोबर एक महिना झाला.

मी त्याच्या हाताखाली नऊ वर्षं चार महिने क्वालिटी इन्स्पेक्टर. एसीचे डक्ट तपासतो.

शिक्षण आयटीआय. ड्रॉइंग वाचायला स्वतः शिकलो, इंग्लिशही स्वतःच. त्यामुळे एखादा शब्द अडला तर मी कोणाला विचारत नाही. शोधून काढतो.

आणि डेक्लनचं इंग्लिश म्हणजे निव्वळ शोधकाम.

पहिल्याच आठवड्यात साइटवर एसीचा चिलर सुरू झाला, तसा हा ओरडला, "नाऊ वी आर सकिंग डिझेल!"

मी धावत जाऊन जनरेटरची टाकी तपासली. फुल होती. काट्यावर टिचकी मारूनसुद्धा पाहिली.

अर्थ एवढाच, की आता काम जोरात चाललंय.

त्या दिवशी मी वही घातली. १९२ पानी, पाच रकाने. वाक्य, तारीख, जागा, कोणाला उद्देशून, अर्थ. तोच अर्थ तीन वेळा जुळला की हिरवी टिक. तोपर्यंत सगळं पेन्सिलने.

रिपोर्ट मागितला की म्हणायचा, "आय विल, येह." मी दोन महिने रिपोर्टची वाट पाहिली.

अर्थ: मुळीच करणार नाही. हिरवी टिक.

मुलगी ईशा म्हणायची, "बाबा, जस्ट गूगल इट."

"गूगल साइटवर येतं का? बोलणाऱ्याचा चेहरा बघतं का?"

"ओके बाबा. व्हॉटेव्हर."

एकदा चहाच्या वेळी डेक्लन माझ्या टेबलाशी आला. वही उघडीच होती.

"व्हॉट्स द ग्रीन फॉर, मिस्टर सुरेश?"

मी छाती काढून सांगितलं, "थ्री टाइम्स कन्फर्म्ड, सर. देन ओन्ली ग्रीन."

"थ्री, इज इट?" एवढंच म्हणाला आणि सावकाश चहाचा घोट घेतला.

तो घोट मला तेव्हाच खटकायला हवा होता.

पुढच्याच आठवड्यात नवीन माल आला. इन्सुलेशन असलेल्या डक्टवर कोणीतरी परत इन्सुलेशन गुंडाळलं होतं. डेक्लन म्हणाला, "दॅट्स अ गूज इन अ रेनकोट." म्हणजे रेनकोट घातलेला हंस. वा! काय उपमा! पुढे आणखी दोनदा म्हणाला. हिरवी टिक.

मग आमचा फोरमन कुट्टी नोकरी सोडून कायमचा केरळला गेला. डेक्लन खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ही हॅज गॉन टू पॉलिश द बिशप्स केटल." बिशपची किटली घासायला गेला.

पुढे स्टोअरकीपर गेला, तेव्हाही तेच. अकाउंट्सच्या मॅडम गेल्या, तेव्हाही तेच.

अर्थ: कायमचा निरोप. हिरवी टिक.

गेल्या शनिवारी त्याच्या मित्रांनी स्मरणसभा ठेवली. त्याची थोरली बहीण ब्रीडा आयर्लंडहून आली होती. रिटायर्ड शिक्षिका. हॉलमध्ये पन्नासेक माणसं, बहुतेक आयरिशच.

बायको, नीता, गाडीतच म्हणाली, "अहो, दोन साधी वाक्यं बोला आणि खाली बसा."

पण मला त्याच्या माणसांसमोर त्याच्याच भाषेत निरोप द्यायचा होता. नऊ वर्षांचा अभ्यास होता माझा.

उभा राहिलो. कोट नीट केला.

"लेडीज अँड जेंटलमेन, अवर डेक्लन हॅज गॉन टू पॉलिश द बिशप्स केटल."

शांतता.

इतकी, की डाव्या कोपऱ्यातली एसीची जाळी सैल आहे हे मला ऐकू आलं.

ब्रीडाबाई म्हणाल्या, "गॉन टू डू व्हॉट, लव्ह?"

मी परत सांगितलं. स्पष्ट उच्चारात.

"अँड हू टोल्ड यू दॅट?"

"डेक्लन, मॅडम. थ्री टाइम्स."

बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं रडतायत. रडतही होत्या, पण हसून हसून. मग अख्खा हॉल. आयर्लंडमध्ये असं कोणीही, कधीही म्हणत नाही.

नीता कार्पेटची डिझाइन बघत होती.

घरी येऊन बूटही न काढता वही उघडली.

खऱ्या वाक्यांच्या नोंदी टिकनंतरही चालूच होत्या. डिझेल एकतीस वेळा. "आय विल, येह" तर शंभरच्या पुढे. काही वाक्यं मात्र बरोब्बर तीन वेळा. तीन, हिरवी टिक, आणि त्यानंतर कधीच नाही.

अशी नऊ निघाली.

माझ्या हातून आजवर एक वाकडा स्क्रू पास झालेला नाही. आणि ही नऊ पास!

ब्रीडाबाईंना नऊची यादी व्हॉट्सॲप केली, तारखा आणि प्रसंगांसकट. त्यांचं उत्तर आलं: "नऊच्या नऊ त्यानेच रचलेली. पण त्या किटलीसाठी तो तीन माणसं नोकरी सोडायची वाट बघत बसला? हा माणूस जन्मात बससाठीसुद्धा थांबला नाही हो."

मी तारखा परत पाहिल्या. पहिल्या किटलीपासून तिसरीपर्यंत चार वर्षं.

चार वर्षं त्याने तो विनोद नुसता सांभाळून ठेवला होता. एका प्रेक्षकासाठी.

नीता म्हणाली, "खोडून टाका ती नऊ. खलास."

लाल पेन हातात घेतलं होतं. नाही जमलं.

त्याऐवजी सहावा रकाना आखला: बोलणारे. डिझेलपुढे लिहिलं, सगळे आयरिश. त्या नऊंपुढे लिहिलं, एक.

"एक कोण?" नीताने विचारलं.

"मी."

तिने चहा ठेवला.

काल इंटरनॅशनल सिटीच्या साइटवर नवीन टेक्निशियन इन्सुलेशनवर परत इन्सुलेशन गुंडाळत होता. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "दिस इज अ गूज इन अ रेनकोट."

"मीनिंग, सर?"

मी हातातल्या चहाचा सावकाश घोट घेतला.

"अजून दोनदा ऐक. मग कळेल."

चौथी नोंद केली. तारीख, जागा, सगळं. शाईने.

मिस्टर डेक्लन, किटली नीट घासा. कडीच्या खालूनसुद्धा.

तपासायला मी येणारच आहे.