तांदळात लिहिलेलं नाव

निरोप घेऊन काळेवाडीचा माणूस थेट कारखान्यात आला. "शारदाबाई गेल्या," म्हणाला. आणि मी, सख्खा भाऊ, त्याला विचारतो, "कोण शारदाबाई?"... चार दिवसांच्या तापाने काळेवाडीला दिलेली माझी धाकटी बहीण गेली होती. आमच्यासाठी ती द्वारकी. लग्नात दाजींनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'शारदा' लिहिलं, तेव्हा मीही हौसेने पेढा खाल्ला होता. नाव आवडलं का, हे तिला कुणी विचारलं नाही. पिंपरीच्या निर्वासित छावणीतली एक सिंधी बाई तिची मैत्रीण झाली होती. त्यांच्यातही सासरी मुलीचं नाव बदलतात म्हणे. सिंध कुठे, मावळ कुठे, पण एवढ्या बाबतीत अगदी एकमत!

पिंपरीत औषधांचा कारखाना निघाला आणि मी तिथे भरतीचा कारकून झालो. बाटल्या भरायला सातवी पास बायका हव्या होत्या. आमच्या गावात तेवढी शिकलेली द्वारकी एकटीच. मोठ्या उमेदीने अर्ज घेऊन आली. अर्जावर शारदा, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. शाळेच्या दाखल्यावर द्वारका, आमच्या वडिलांचं नाव, आमचं आडनाव. साहेब म्हणाले, दोघी एकच आहेत असं नवऱ्याने किंवा भावाने लिहून द्यावं. दाजींना तिने कामावर जाणं नकोच होतं. "शारदा माझी बायकू. ही द्वारका कोन, मला काय ठावं?" म्हणून हसले.

मग ती माझ्याकडे आली. "दादा, तू तर वळखतोस मला. तूच लिवून दे."

दोन ओळींचं काम होतं. पण दाजी दुखावतील, सोयरिकीत वाकडं येईल, म्हणून मी तिला नियम ऐकवत बसलो. 'नामंजूर' हा शेरा माझ्याच अक्षरात आहे. त्याची मला लाज वाटते. त्यानंतर ती माझ्याशी बोलायची, पण तिने पुन्हा काही मागितलं नाही.

तेराव्याला तिच्या सासूबाई भांडी आवरत होत्या. सगळ्या भांड्यांवर दाजींचं नाव. त्यात एक पितळी तांब्या निघाला. त्यावरची अक्षरं तिने दारावर येणाऱ्या नाव घालणाऱ्याकडून कधीतरी गुपचूप कोरून घेतली असणार. दाजींनी वाचलं, "द्वारका."

"कोन द्वारका? शेजारचा आला असंल," सासूबाई म्हणाल्या. दाजींनी तांब्या खाली ठेवला.

"माझ्या बहिणीचा आहे," मी म्हणालो.

"तुमच्या बहिनीचं नाव शारदा व्हतं," त्या म्हणाल्या. "ज्याचा त्याला देऊन टाका."

तांब्या मी घरी आणला. बायकोला तो चिंचेने घासू देत नाही... अक्षरं फार उथळ आहेत.